बारशाचं ताट

आमच्या घरात नाव नसलेलं भांडं नव्हतं. पातेल्यांवर आजोबांचं नाव, कळशीवर आजीच्या माहेरचं, तांब्या-पेल्यांवर आईबाबांच्या लग्नात ज्यांनी ज्यांनी ते दिले त्या सगळ्यांची. बाबांना बंगलोरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आईनं पुण्याहून दोन ट्रंका भरून ही नावं आणली. इथे नवं भांडं घेतलं तरी ते दुकानातून कोरं घरी येत नसे. दुकानदार कानडी. त्याला देवनागरी येत नसे, म्हणून आई कागदावर मोठी अक्षरं काढून द्यायची आणि तो ती टिंबाटिंबांनी, चित्र काढल्यासारखी ठोकायचा. नाव घातल्याशिवाय भांडं आपलं झालं असं तिला वाटायचंच नाही. शेजारी गेलेली वाटी त्या नावामुळे चुकत नसे, हीही एक सोय होती.

पण घरात जिकडेतिकडे नावं असली की ती डोळ्यांना दिसेनाशी होतात. हे मी आईची बाजू घेऊन सांगते आहे. पुढे जे घडलं त्यात आईची चूक एवढीच होती. बाकीचं सगळं माझं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. आमच्या घरापुढे मोकळे प्लॉट, त्यांच्या कोपऱ्यांवर रोवलेले दगड आणि मधून हिंडणाऱ्या शेळ्या. बाबा सकाळी कारखान्याच्या बसनं जायचे. महाराष्ट्रातून आलेल्या आमच्यासारख्या घरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की मुलं सुट्टीत घरात बसून आळशी होतात, त्यांना उघड्यावर न्यावं. म्हणून उन्हाळी शिबिर सुरू झालं. सर्जापूर रोडला, सर्जापूर गावाच्या बरंच अलीकडे, एका ओळखीच्या गृहस्थांची आंब्या-चिंचांची बाग होती. शेजारी तळं. तिथे दहा दिवस तंबूत राहायचं, झाडावर चढायचं, गाठी मारायला शिकायचं, चुलीवरचं जेवायचं. आता त्या रस्त्यावर माझी भाची चौदाव्या मजल्यावर राहते. तळ्याचं काय झालं ते मी तिला विचारलेलं नाही.

पहिल्याच वर्षी मी तिथे माझ्या तुकडीची प्रमुख झाले. प्रमुखाच्या गळ्यात शिट्टी असायची. ती मी घरी आल्यावरही आठवडाभर काढली नव्हती, आणि बाबांना जेवायला बोलवायला सुद्धा शिट्टी मारली होती. मी कशी मुलगी होते ते यावरून कळावं. राग माझ्या नाकावर असायचा आणि तोंडाला कुलूप ठाऊक नव्हतं.

आमचे शाळेचे कपडे चिकपेटेतल्या एका गल्लीतले शिंपी शिवायचे. तेही मराठीच, पण त्यांचं घर कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी कानडीत मुरलेली. आई त्यांना अण्णा म्हणायची, ते आईला अक्का म्हणायचे. दुकानाच्या पायरीवर त्यांची थोरली मुलगी बसलेली असायची. माझ्याच वयाची. मान खाली घालून काजं करायची, बटणं लावायची. आमची सुट्टी म्हणजे त्यांचा हंगाम. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गावभरचे सदरे आणि स्कर्ट शिवून व्हायला हवेत. त्यामुळे ती पोर एप्रिल-मे त्या पायरीवरच काढायची.

एकदा आई तिथे शिबिराबद्दल काहीतरी बोलली. मुलीनं सुईदोरा खाली ठेवला.

"अक्का, तिथं तळं आहे? आत उतरायला देतात?"

"देतात की. गुडघाभर पाण्यात."

"मग झाडावर चढलं तर कोण काय म्हणत नाही?"

"चढायलाच तर नेतात," आई म्हणाली, आणि मुलगी हसली. पुन्हा सुई उचलली, पण तिचं लक्ष कामात नव्हतं हे आईनं पाहिलं.

आई घरी आली ती हेच डोक्यात घेऊन. आपली मुलं काही न करता कंटाळतात म्हणून आपण त्यांना बागेत नेतो, आणि जिला खरोखर दोन महिने पायरीवरून उठायला मिळत नाही तिला कोण नेणार, असं ती बाबांना जेवताना म्हणाली. बाबा म्हणाले, मंडळात विचार. आईनं विचारलं. नुसतं विचारलं नाही, भांडली. शेवटी शिबिरात दोन मुलांना बिनफीचं घ्यायचं ठरलं. मंडळाच्या अध्यक्षांनी, आम्ही त्यांना अध्यक्षकाका म्हणायचो, एक अट घातली. दोघांनी दहाचे दहा दिवस राहायला हवं. यंदा नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी दहा मुलांना घेऊ. नाही पडलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आईचीही एक अट होती. कोण बिनफीचं आलंय हे शिबिरात कुणालाही कळता कामा नये. मुलांना नाही, शिबिर चालवणाऱ्या सरांनाही नाही. ही तिची अट तिनं इतकी कडक पाळली की त्या दोघांतलं दुसरं मूल कोण होतं ते मला आजतागायत माहीत नाही. शिंप्याच्या मुलीचं मात्र माझ्यापासून लपणं शक्य नव्हतं.

"तू कुणाला बोलायचं नाहीस," आईनं मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं. "तिच्यापुढेही नाही. ती तुझ्यासारखीच एक मुलगी. पुढच्या वर्षीची दहा मुलं तुझ्या तोंडावर अवलंबून आहेत, कळलं?"

"हो गं, कितीदा सांगशील," मी म्हटलं.

अण्णा तर लगेच तयार झाले. ऐन हंगामात हाताखालचं माणूस दहा दिवस जाणार, म्हणजे त्यांना ते सोपं नव्हतं. पण म्हणाले, "सरी अक्का, ठीक आहे, काजं मी रात्री करतो. जाऊन येऊ दे की पोरगी. ही नीट राहून आली तर पुढच्या वर्षी धाकटीला पाठवू."

शिबिराला न्यायच्या सामानाची यादी होती. सतरंजी, दोन चादरी, टोपी, आणि ताट-वाटी-पेला स्टीलचं. आदल्या वर्षी पितळी ताटात चिंचेची आमटी कळकली होती म्हणून पितळ नको असं ठरलं होतं. शिंप्यांच्या घरी सगळं पितळेचं. स्टील त्या काळात आमच्याकडेही मोजकंच होतं. आईनं वरच्या फळीवरून एक लहान ताट काढलं, राखेनं घासून लखलखीत केलं, वाटी-पेल्याबरोबर एका पिशवीत घातलं आणि दुकानात नेऊन दिलं. ते माझ्या बारशाला मामानं मुंबईहून आणलेलं ताट होतं. काठावर माझं नाव, खाली 'बारशानिमित्त मामाकडून'. आईनं ते घासलं, पुसलं, उन्हात धरून बघितलं, आणि नाव तिला दिसलं नाही. पळीला दांडा असतो तसं ताटाला नाव असायचं. त्याच्याकडे मुद्दाम बघतं कोण?

शिबिराच्या ट्रकमध्ये ती माझ्या समोरच बसली होती. नवीन टोपी घातलेली, पिशवी छातीशी धरलेली. मला बघून हसली. मी खिडकी नसलेल्या ट्रकमध्ये खिडकीबाहेर बघावं तसं दुसरीकडे बघितलं.

यंदाही प्रमुखाची शिट्टी माझ्याच गळ्यात होती. पहिल्या दिवशीच तिच्या बोलण्याची थट्टा सुरू झाली. ती म्हणायची, "स्वल्प सरक की," "स्वल्प पाणी दे की." आमच्या पुणे-मुंबईच्या कानांना ते भारी गमतीचं वाटलं. तिला 'स्वल्प' हे नाव मीच पाडलं. ती चिडली नाही. हाक मारली की "सरी सरी, आले," म्हणून यायची, त्यामुळे थट्टेची मजाच गेली. आणि दोन दिवसांत चित्र असं झालं की तळ्यात सगळ्यांत पुढे ती, चिंचेच्या शेंड्याला ती, दोरीच्या गाठी सरांनी एकदा दाखवल्या की दुसऱ्यांदा बाकीच्यांना दाखवणार ती. तिला कशाची भीतीच वाटत नव्हती. दहा दिवसांतला एक क्षणही फुकट घालवायचा नाही असं ठरवूनच आली असावी. सकाळी आम्ही डोळे चोळत तंबूबाहेर यायचो तेव्हा ती तळ्यावरून तोंड धुऊन परत येत असायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि आमचा तंबू वरपासून खालपर्यंत फाटला. सर डोक्याला हात लावून बसले. तिनं आपल्या पिशवीतून दाभण काढलं, सुतळी मागितली, आणि कापडावर मांडी घालून बसली. तासाभरात तंबू शिवून दिला. टाका असा की पाणी जाणार नाही. सरांनी सगळ्यांना बोलावून ती शिवण दाखवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी शिट्टी जरा हिला दे बघू. राहिलेले दिवस तुकडी ही सांभाळेल."

मी शिट्टी गळ्यातून काढली आणि दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. "चालेल ना तुला?" असं तिनं मला हळूच विचारलं, आणि तिचं ते विचारणंच माझ्या जास्त जिव्हारी लागलं. मी "मला काय त्याचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं वाटायची पाळी माझी होती.

शिबिरातली पद्धत अशी की जेवण झालं की प्रत्येकानं आपलं ताट तळ्याकाठी राखेनं घासून मोठ्या टोपलीत ठेवायचं. पुढच्या जेवणाला ज्याची पाळी असेल त्यानं एकेक ताट उचलून नाव वाचायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. सगळ्यांच्याच ताटांवर नावं होती. आमच्या सगळ्यांच्या आया एकाच वळणाच्या. ती मात्र रोज शिट्टी व्हायच्या आधी टोपलीपाशी जाऊन आपलं ताट काढून घ्यायची आणि जेवताना काठावर अंगठा ठेवून बसायची. मला ते आधी कळलं नव्हतं. त्या दिवशी तुकडीला रांगेत उभं करायचं काम तिच्यावर होतं, म्हणून तिला आधी येता आलं नाही.

सात-आठ ताटं दिल्यावर माझ्या हातात माझंच नाव आलं. माझं रोजचं ताट तर मी आधीच बाजूला काढलं होतं. मी क्षणभर गोंधळले. मग 'मामाकडून' वाचलं आणि सगळं लक्षात आलं. वर बघितलं. ती रांगेच्या टोकाला उभी होती, शिट्टी गळ्यात, आणि माझ्याकडेच बघत होती. तिनं मान किंचित हलवली. नको, असं.

मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले की ते माझ्या तोंडातून निसटलं. निसटलं नाही. मला विचार करायला वेळ होता. मी ताट वर धरलं, माझं नाव मोठ्यानं वाचलं, 'बारशानिमित्त मामाकडून' हेही वाचलं आणि म्हणाले, "हे माझं ताट आहे. माझ्या आईनं हिला दिलंय. ही फुकट आलीय शिबिराला. हिचे अप्पा आमचे कपडे शिवतात."

कुणी हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे चादर पण तुमचीच का गं?" मी म्हटलं, चादर तिची आहे. जणू मी न्यायानं वागत होते.

ती पुढे आली, माझ्या हातातून ताट घेतलं, पंगतीत बसली आणि वाढलं तेवढं सगळं जेवली. या वेळी अंगठा ठेवला नाही. सर तेव्हा मुलग्यांच्या तुकडीबरोबर बागेच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना यातलं काही कळलं नाही.

जेवण झाल्यावर ती तळ्याकाठी ताट घासत होती. एका मुलीनं आपलं ताट तिच्याजवळ ठेवलं. "माझंही घास ना गं, तुला सवय आहे." दुसरीनं ठेवलं. मग तिसरीनं. ती एकेक घासत राहिली. कालपर्यंत ह्याच मुली तिच्यामागे "आम्हाला ती गाठ दाखव" म्हणून फिरत होत्या. मी तिथे उभी होते. मला तेव्हाच कळत होतं की हे वाईट होतंय आणि हे मी सुरू केलंय. "उचला आपापली ताटं," एवढं म्हणायला काय लागतं? माझं म्हणणं त्या मुलींनी ऐकलंही असतं.

मी माझं ताट त्या ढिगावर ठेवलं आणि निघून गेले.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. लिहितानाही कान गरम होतात. रागाच्या भरात बोलले ते एक वेळ समजून घेता येतं. अकरा वर्षांची होते, शिट्टी गेली होती. पण ते ताट मी रागात ठेवलं नाही. सगळ्यांनी ठेवलं म्हणून ठेवलं. आणि तिनं ते इतरांसारखंच घासलं, टोपलीत घातलं.

पुढचे दोन दिवस ती तशीच होती, शिस्तीत, गप्प. तुकडीला हाक मारली की मुली हळूहळू यायच्या, मुद्दाम. तिनं शिट्टी सरांना परत केली, म्हणाली, जमत नाही. सरांनी मला पुन्हा दिली. मी ती गळ्यात घातली.

रविवारी पालकांना भेटायला यायची मुभा होती. अण्णा सायकलवरून आले, तेवढ्या लांब, उन्हात, डब्यात कडबोळ्यांसारखी कोडबळी घेऊन. धाकटीला पुढच्या दांडीवर बसवून आणलं होतं. ती उतरल्याबरोबर तळ्याकडे पळाली. मी जवळच्या आंब्याखाली होते. थोरली अप्पांना म्हणाली, "मी घरी येते तुमच्याबरोबर."

"का? अजून चार दिवस आहेत की. कोण काय बोललं काय?"

ती म्हणाली, "नाही अप्पा. अम्माची आठवण येते."

अण्णांनी समजावलं, रागावले, सरांनीही समजावलं. ती एकच वाक्य धरून बसली. शेवटी सामान सायकलला बांधलं. धाकटी ओल्या परकरानं रडत होती. तिला तळ्यातून निघायचं नव्हतं. "पुढच्या वर्षी तू येणार आहेस ना, मग झालं," थोरली तिला म्हणाली आणि तिचा हात धरून चालायला लागली. सायकलवर आता जागा नव्हती. एवढी वाट ते तिघं चालत गेले की वाटेत बस मिळाली, मला माहीत नाही.

मी घरी परतल्यावर आईनं पहिलं तेच विचारलं. "ती मधेच का गेली गं? कुणी काही बोललं का तिला?"

"नाही," मी म्हटलं. "तिला आईची आठवण येत होती." आणि आईचा चेहरा अजून विश्वास बसल्यासारखा दिसेना म्हणून पदरचं घातलं, "रोज रडायची."

ती एकदाही रडली नव्हती.

पुढच्या मार्चमध्ये मंडळाची बैठक आमच्याच घरी झाली. मी चिवड्याच्या बशा फिरवत होते. आईनं बिनफीच्या जागांचा विषय काढला. अध्यक्षकाका तसे वाईट मनुष्य नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, दोन जागा दिल्या, त्यातली एक सहाव्या दिवशी रिकामी झाली. ही मुलं घर सोडून राहिलेली नसतात हो. त्यांना तिथे नेऊन आपण त्यांचे हालच करतो."

"एका मुलीवरून असं कसं म्हणता?" आई म्हणाली. "हुशार होती ती. तंबू शिवला तिनं. सरांनीच सांगितलं मला." मग ती माझ्याकडे वळली. "तू होतीस ना तिथे? सांग बरं, तिला आवडत होतं की नाही?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आईच्या डोळ्यांत अशी खात्री होती की मी आता तिच्या बाजूनं बोलणार. तळ्यात सगळ्यांत पुढे कोण होतं ते सांगणार. आणि मला वाटलं, एक सांगितलं तर कुणीतरी पुढचं विचारेल, मग ती गेली का? मग ताट बाहेर येईल.

"आधी आवडत होतं," मी म्हणाले. "मग रोज रडायची."

"बघा," अध्यक्षकाका म्हणाले.

विषय तिथेच मिटला. आईनं त्या दिवशी माणसं गेल्यावर सगळ्या बशा एकटीनंच घासल्या. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये शिबिरासाठी मला नवा स्कर्ट शिवायचा होता. मी आईला म्हटलं, जुना होतो. आई म्हणाली, गुडघ्याच्या वर गेलाय तो, चल. दुकानात पायरीवर थोरली बसलेली होती. तिच्या शेजारी आता धाकटीही होती, बटणांच्या डब्यातून एकसारखी बटणं निवडत. अण्णांनी मला समोर उभं केलं, हात पसरायला सांगितले, गळ्यातली टेप काढली.

"अक्का," माप घेता घेता ते म्हणाले, "यंदा धाकटीला घेतात ना? त्या रविवारी तळं बघितल्यापासून रोज विचारती. आता आठवं लागलं तिला. राहील ती."

आईनं माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "अण्णा, यंदा तशा जागा नाहीत. बंद केल्या मंडळानं."

"का हो?"

आईला खोटं बोलता येत नसे. "गेल्या वर्षी ही मधेच परत आली ना. मंडळी म्हणाली, मुलं राहत नाहीत, रडतात."

अण्णांचा टेपचा हात थांबला. ते थोरलीकडे वळले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, पण अण्णांनी त्यांची पर्वा केली नाही. "ऐकलंस? तुझ्यामुळं. दहा दिवस राहायला काय झालं होतं तुला? खायला मिळत नव्हतं काय? तू रडलीस आणि हिचं गेलं. आणि अजून कुणाकुणाचं गेलं असेल."

धाकटीनं बटणं तशीच मुठीत धरली. तिला अजून नीट कळलं नव्हतं. "तू तिथं रडलीस काय गं?" तिनं बहिणीला विचारलं. "कशाला रडलीस?"

थोरलीनं मान वर केली. बहिणीकडे बघितलं नाही, अप्पांकडे नाही. माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. मी हात पसरून उभी होते, तिच्यापासून चार पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं, आई तिथेच होती, आणि आई त्याच संध्याकाळी अध्यक्षकाकांकडे चालत गेली असती. शिबिराला अजून दोन आठवडे होते.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"हो," ती धाकटीला म्हणाली. "रडले." आणि काज पुढे करायला घेतलं.

अण्णांनी पुन्हा टेप माझ्या कमरेभोवती धरली, आकडा पुटपुटले, आईला विचारलं, उंची किती ठेवू.

"गुडघ्याखाली घ्या, आणि कमरेला थोडा सैल," आई म्हणाली. "दहा दिवस झाडावर आणि पाण्यातच असणार आहे ती."